घोट्याला बांधलेला आठवडा

डॉक्टरांच्या खोलीत शिरताना फ्रेमवाले असे चालायचे, की बघणाऱ्याला वाटावं, आजारी त्यांची बायकोच आहे. मान वर, पाऊल लांब, दोन्ही हात नीट हलताहेत. डॉक्टर म्हणायच्या, बोटं जुळवून दाखवा. ते दाखवायचे. हात न टेकता खुर्चीतून उठा. ते उठायचे. वर पुन्हा, तुमच्या भिंतीवरचं ते चित्र डावीकडे झुकलंय, हेही सांगून मोकळे व्हायचे. मागे बसलेली त्यांची बायको मात्र पर्स छातीशी आणखी घट्ट धरायची. कारण हाच माणूस त्याच दिवशी सकाळी न्हाणीघराच्या दारात खिळल्यासारखा उभा होता. पाय जमिनीला चिकटलेले, गुडघे थरथरताहेत, उजवा हात खिशात घातलेल्या पाखरासारखा फडफडतोय आणि बायको शेजारी उभी राहून ओरडतेय, "उचला, अहो, पाय उचला!"

या बाई पोहण्याच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायच्या. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून पोरं त्यांना शिट्टीबाई म्हणत, आणि हळूहळू पोरांचे आईबापही म्हणायला लागले. सगळा जन्म त्यांनी तलावाच्या काठावर उभं राहून पाण्यावर तरंगणारी डोकी मोजण्यात घालवला होता. एक डोकं कमी दिसलं की शिट्टी ओठांवर यायची, दिसलं की पुन्हा मोजणी सुरू. त्यांच्या नजरेखाली एकही पोर कधी गटांगळ्या खात राहिलं नव्हतं. आता तीच नजर घरात फ्रेमवाल्यांवर खिळलेली असायची.

फ्रेमवाल्यांचं दुकान त्यांच्याच इमारतीत, तळमजल्यावर होतं. चित्रांना, फोटोंना, प्रमाणपत्रांना ते फ्रेमा करून द्यायचे. पार्किन्सन्सचं निदान झालं तेव्हा ते बायकोला म्हणाले होते, "आयुष्यभर काच कापली, आता हात कापतोय." त्या दिवशी दोघंही हसले होते. पुढे हाताचं कापणं वाढलं, चालणं आखडलं, तेव्हा शिट्टीबाईंनी काच कापायचा हिरा उचलून स्वतःच्या कपाटात ठेवला आणि दुकानाचं शटर खाली ओढलं. फ्रेमवाल्यांनी पुढे महिनाभर जेवताना भाजीत मीठ कमी आहे असं सांगितलं, पुरेसं असलं तरी.

तर त्या दिवशी डॉक्टरांसमोर शिट्टीबाईंना राहवलं नाही. त्या म्हणाल्या की हे इथे असतात तसे घरी नसतात. इथे आले की यांच्या अंगात काय संचारतं कोण जाणे. फ्रेमवाल्यांनी शांतपणे सांगितलं की हिला काळजी करायची खोड आहे, धंद्यामुळे लागलेली. डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. असं होतं, त्या म्हणाल्या, डॉक्टर दिसला की बरेच जण सुधारतात, तासाभरापुरते. मग भांडत बसण्यापेक्षा आठवडाभर घरी काय होतं ते मोजूनच बघू या.

दवाखान्याच्याच खालच्या मजल्यावरच्या तंत्रज्ञ बाईंनी तीन पट्टे काढले. उजव्या मनगटाला एक, उजव्या पायाच्या घोट्याला एक, कमरेला एक. प्रत्येकात एवढासा सेन्सर. हात किती थरथरतो, पाऊल किती लांब पडतं, पाय कुठे थबकतात, गोळी घेतल्यावर हालचाल किती वेळानं सुटी होते, सगळं त्यात नोंदलं जाणार. गोळी घेतली की मनगटावरचं बटण दाबायचं, एवढंच काम. फ्रेमवाल्यांनी विचारलं, यात बोलणं ऐकू येतं का? तंत्रज्ञ म्हणाल्या, नाही काका, ना ऐकू येतं ना दिसतं, फक्त हालचाल कळते.

"बरं झालं," फ्रेमवाले म्हणाले. "आमच्या घरातलं बोलणं ऐकलं असतं तर यंत्रालाच गोळ्या सुरू कराव्या लागल्या असत्या."

घरी आल्यापासून शिट्टीबाईंचा जीव टांगणीला लागला. पट्ट्यावरचा बारीक हिरवा दिवा चालू आहे ना? घोट्याचा पट्टा सैल तर झाला नाही? अंघोळीला चालतो असं तंत्रज्ञ बाई म्हणाल्या होत्या, पण साबणाचं काय? त्या फ्रेमवाल्यांच्या बाहीखाली डोकावून बघायच्या, ते झोपलेले असताना पांघरूण सारून घोटा बघायच्या. आणि या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट होती, जी त्यांनी कुणालाच सांगितली नाही. पट्ट्यांनी खरं सांगावं असं त्यांना वाटत होतं. खरं म्हणजे वाईट. नवरा न्हाणीघराच्या दारात अडकला की भीतीच्या जोडीला मनात येऊन जायचं, चला, हे तरी नोंदलं गेलं. मग स्वतःचीच लाज वाटायची.

पहिल्या दिवशी फ्रेमवाले पट्ट्यांसमोरही ऐटीत चालले. डॉक्टरच घोट्याला बांधून घरी आणल्या असाव्यात तसे. पण घोट्यासमोर नाटक करून करून माणूस किती करणार? दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा दारात अडकले, तिसऱ्या दिवशीही. शिट्टीबाई रोजच्यासारखी सकाळची गोळी, त्यावर मोठा पेला दूध आणि दोन उकडलेली अंडी समोर ठेवून ते सगळं संपेपर्यंत उभ्या राहायच्या. सुरुवातीला गोळीनं फ्रेमवाल्यांना मळमळायचं, तेव्हा आधीच्या डॉक्टरांनी रिकाम्या पोटी देऊ नका असं बजावलं होतं. ते शिट्टीबाईंनी कधी मोडलं नाही.

आठवड्याच्या मध्यावर पंचाईत झाली. दुसऱ्या तलावावर मुलांच्या स्पर्धा होत्या आणि ज्या सरांनी जायचं, त्यांची कंबर धरली. शिट्टीबाईंना दिवसभरासाठी जावं लागणार होतं. त्यांनी नकार द्यायचं ठरवलं होतं, पण फ्रेमवाल्यांनीच रेटा लावला. मी काय रांगतं बाळ आहे का, म्हणाले. शेवटी दूध पेल्यात ओतून, अंडी सोलून, गोळ्या वेळेप्रमाणे मांडून, फोन त्यांच्या शर्टाच्या खिशात घालून त्या पहाटेच निघाल्या. गल्लीच्या कोपऱ्यावरून त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं.

दुपारपर्यंत त्यांनी कसंबसं निभावलं. मग फोन केला. नुसताच वाजला. पुन्हा केला. पुन्हा वाजला. मुलं एका बाजूनं ओळीनं उभी होती, पालक आरडाओरडा करत होते, आणि शिट्टीबाईंच्या डोळ्यांसमोर न्हाणीघराची ओली फरशी होती. पडले असतील. डोकं आपटलं असेल. फोन खिशातच असेल आणि हात पोचत नसेल. शेजाऱ्यांकडे किल्ली नाही, ती द्यायला हवी होती, किती वेळा मनात आलं होतं. त्यांनी शर्यतीची शिट्टी उशिरा वाजवली. मुलं गोंधळली, दोघांनी उडी मारली, बाकीची काठावरच राहिली. दुसऱ्या संघाच्या बाईंनी येऊन विचारलं, बरं नाही का? त्यांनी मान हलवली. मुलांना त्या बाईंच्या हवाली करून सरळ घर गाठावं, असं ठरवून त्यांनी पिशवी उचललीसुद्धा. तेवढ्यात फोन वाजला.

"झोपलो होतो गं," फ्रेमवाले म्हणाले. आवाज ताजा होता, झोपेतून उठलेल्या माणसाचा नव्हता. पण आवाज ऐकू आला यातच शिट्टीबाईंना एवढं हायसं वाटलं, की त्यांनी पुढे खोदलं नाही.

संध्याकाळी त्यांनी घराचं दार उघडलं तेव्हा फ्रेमवाले स्वयंपाकघरातून बाहेर येत होते. हातात कप. त्यांची नजर बायकोवर पडली आणि पाय जागीच थिजले. कप हिंदकळला. शिट्टीबाई पिशवी टाकून धावल्या, त्यांना दंडाला धरलं, "उचला, उजवा उचला," सुरू झालं. "बघा," त्या धापा टाकत म्हणाल्या, "आणि म्हणे मी उगाच काळजी करते." फ्रेमवाले जमिनीकडे बघत राहिले.

आठवडा संपला, पट्टे परत गेले, आणि दोघांना बोलावणं आलं. डॉक्टरांच्या पडद्यावर दिवसामागून दिवस आडव्या पट्ट्यांसारखे मांडले होते. शेजारी तंत्रज्ञ बाई बसल्या होत्या. डॉक्टरांनी सुरुवात केली ती शिट्टीबाईंकडे वळून. काकू, तुमचं बरोबर होतं, त्या म्हणाल्या. सकाळच्या गोळीचा असर तासाभरात दिसायला हवा, इथे दुपार होईस्तोवर दिसत नाही. हात थरथरतोय, पावलं तोकडी पडताहेत आणि ही सगळी टोकं दिसतात ना, प्रत्येक ठिकाणी पाय अडकलेत. शिट्टीबाईंचे डोळे भरून आले. इतक्या महिन्यांनी कुणीतरी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. फ्रेमवाल्यांनी या वेळी भिंतीवरच्या चित्राबद्दल काही सांगितलं नाही.

"पण एक दिवस वेगळा आहे," डॉक्टर म्हणाल्या.

तंत्रज्ञ बाईंनी मधली पट्टी मोठी केली. या दिवशी गोळीनंतर थोड्याच वेळात थरथर जवळपास थांबली होती. पावलं लांब पडली होती. मग जिना उतरल्यासारख्या खुणा, आणि त्यापुढे बराच वेळ उजवं मनगट एकच हालचाल करत होतं. सावकाश, सरळ, लांब ओढ. थांबा. पुन्हा ओढ. असं त्यांनी अजून कुणाच्या नोंदीत पाहिलं नव्हतं. काका, काय करत होतात, त्यांनी विचारलं.

"झोपलो होतो," फ्रेमवाले म्हणाले.

"झोपेत जिना उतरलात?" डॉक्टरांनी विचारलं.

मग फ्रेमवाल्यांनी सगळं सांगितलं. दुकानात गेले होते. शटर गुडघ्याएवढं उचलून आत शिरले. हिरा कपाटात होता, पण जुना एक खणात होता, त्याची कुणाला आठवण नव्हती. एका गिऱ्हाइकाचं चित्र कधीपासून पडून होतं, त्याची काच कापली, लाकडी पट्ट्या जोडल्या, फ्रेम पुरी केली. फोन वाजत होता तो ऐकू आला, पण तेव्हा काच अर्धी कापलेली होती आणि अर्ध्यावर हात उचलला की ती वाकडी फुटते.

"फुटली का?" शिट्टीबाईंनी विचारलं.

"एक. दुसरी नीट निघाली."

शिट्टीबाईंना आधी संताप आला. आपण तिथे पाण्याच्या काठावर अर्ध्या मेल्या होतो आणि हे इथे काचा कापत होते. पण संताप पुरता वर येण्याआधीच दुसरं काहीतरी आत उतरलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. आठवड्यातला एकच बरा दिवस, आणि तोच कसा? दिवसाच्या शेवटी, त्या घरी आल्या त्या वेळेला, नेमकं एक उंच टोक होतं.

"म्हणजे मी नसले की हे बरे असतात," त्या म्हणाल्या.

डॉक्टर काही बोलणार होत्या, पण फ्रेमवाल्यांनी हात वर केला. तो हात कापत होता आणि या वेळी त्यांनी तो खिशात लपवला नाही.

"तू दारात उभी राहून बघतेस ना, तेव्हा मला पाय आठवतात," ते म्हणाले. "एरवी ते आपले आपण चालतात."

शिट्टीबाई उठून बाहेर गेल्या. बाहेर बाकांवर माणसं आपापल्या नंबराची वाट बघत होती. एक म्हातारा आपल्या सुनेच्या खांद्याला धरून इंचाइंचानं सरकत होता आणि सून त्याच्याकडे न बघता फोनवर कुणाशी तरी गॅसच्या नंबराबद्दल बोलत होती. एरवी शिट्टीबाईंना तिचा राग आला असता. त्या दिवशी त्या तिच्याकडे बघतच राहिल्या. पोहायला शिकवताना पोराला काठावरून सारखं ओरडलं तर ते पाणी गिळतं, हे त्यांना ठाऊक होतं. नव्या शिक्षकांना त्या स्वतः तसं सांगायच्या. मग घरी आल्यावर हे कुठे गेलं होतं? त्यांना सापडली ती भीती. आपण बघितलं नाही आणि ते पडले तर?

तंत्रज्ञ बाई त्यांना बोलवायला आल्या. डॉक्टरांना एक गोष्ट विचारायची होती. त्या दिवशी काकांनी सकाळी काय खाल्लं? शिट्टीबाई म्हणाल्या, रोजचंच, दूध आणि दोन अंडी, मी मांडून गेले होते. फ्रेमवाल्यांनी घसा साफ केला. दूध मोरीत ओतलं होतं. अंडी गुंडाळून कचऱ्यात टाकली होती. गोळी पाण्याबरोबर घेतली आणि पुष्कळ वेळानं नुसता कोरा चहा. दुकानात जायच्या घाईत खायचं सुचलंच नाही.

डॉक्टर खुर्चीत मागे रेलल्या. मग त्यांनी सावकाश समजावलं. दूध, अंडी, असल्या पदार्थांतली प्रथिनं आणि ही गोळी, दोघांना पोटातून रक्तात शिरायला एकाच वाटेनं जावं लागतं. प्रथिनं भरपूर असली की गोळी मागे रखडते. सगळ्यांचं असं होत नाही, पण काकांचं होत असावं. गोळी आधी, साध्या पाण्याबरोबर, आणि खाणं मग तासाभरानं, असं करून बघू.

"दूध मी देत होते," शिट्टीबाई म्हणाल्या. "माझ्या हातानं. संपेपर्यंत उभी राहून."

डॉक्टरांनी सांगितलं की तुम्हाला जे सांगितलं होतं तेच तुम्ही केलंत, आणि चोख केलंत. विचारायचं मलाच आधी सुचायला हवं होतं. आणि तेवढ्यानं सगळं सुटेल असंही नाही. घाबरल्यानं पाय अडकतात हेही खरंच आहे. त्या दिवशी कशामुळे किती फरक पडला, ते पट्टे सांगत नाहीत.

घरी जाताना दोघं बसमध्ये शेजारी बसले. रात्री त्यांच्या लेकीचा फोन आला. दूध मोरीत ओतल्याचं ऐकून ती आधी हसली, मग आईचा आवाज ऐकून थांबली. तिनं विचारलं, आई, तू रडतेयस का? शिट्टीबाई म्हणाल्या, कांदा चिरतेय. जेवणं कधीच झाली होती.

पुढचे काही दिवस वाईट गेले. रिकाम्या पोटी गोळी घेतली की फ्रेमवाल्यांना उमासे यायचे, आणि शिट्टीबाईंना वाटायचं, जुनंच बरं होतं. डॉक्टरांनी गोळीबरोबर एखादं कोरडं बिस्किट चालेल म्हणून सांगितलं, मळमळीवर आणखी एक औषध दिलं आणि हळूहळू ते थांबलं. सकाळ सुटी व्हायला लागली. फ्रेमवाले न्हाणीघरात जाऊन यायचे आणि शिट्टीबाईंना नंतर कळायचं.

दुकानावरून मात्र जोरदार भांडण झालं. तुम्ही मला खोटं सांगितलंत, त्या म्हणाल्या. तू मला कुलपात घातलंस, ते म्हणाले. दोन्ही खरं होतं, त्यामुळे भांडण लवकर मिटेना. शेवटी ठरलं. दुकान फक्त गोळी चढलेली असते तेवढ्या वेळेत. शटर पूर्ण वर. फोन वाजला की काच फुटली तरी चालेल, उचलायचा. शेजारच्या वह्यापेन्सिलींच्या दुकानदाराकडे घराची किल्ली. फ्रेमवाल्यांनी या सगळ्या अटी मान्य केल्या आणि स्वतःची एकच घातली. दारात उभं राहायचं नाही.

फ्रेमवाल्यांना बायकोच्या अटी जमल्या. बाईंना ही एक जमेना. त्या पेपर घेऊन बसायच्या, पण पेपरच्या कडेवरून डोळे वर यायचेच. "दिसतंय मला," फ्रेमवाले दारातूनच म्हणायचे. मग त्या पाठ करून बसायला लागल्या. पाठ केली की कान टवकारायचे. एकदा काचेनं फ्रेमवाल्यांचा अंगठा चांगलाच कापला. दुकानदारानं पट्टी बांधून दिली आणि शिट्टीबाईंना ते संध्याकाळी कळलं. जेवण होईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. जेवण झाल्यावर सगळं बोलल्या. पण दुसऱ्या दिवशी शटर वर गेलं.

काही महिन्यांनी पट्टे पुन्हा आठवडाभर बांधले. सकाळच्या पट्ट्या आता बऱ्याच सपाट होत्या. पण दुपारच्या सुमाराला नवीनच काही दिसत होतं. हात आणि खांदे उगाच डुलायचे, गोळी जास्त झाल्यासारखे. डॉक्टरांनी दुपारची मात्रा थोडी कमी केली. संध्याकाळी पाय अजून अडकत होते. डॉक्टरांनी लपवून ठेवलं नाही. हा आजार मागे फिरत नाही, त्या म्हणाल्या, आपण त्याच्या मागे मागे गोळ्यांच्या वेळा हलवत राहायचं. फ्रेमवाले म्हणाले, ठीक आहे, आम्हाला तरी कुठे घाई आहे.

त्यानंतरच्या एका सकाळी शिट्टीबाई तलावावर जायला निघत होत्या. बाहेरच्या खोलीत पायांत चपला सरकवत असताना आतून फ्रेमवाल्यांची पावलं ऐकू येत होती, पलंगापासून न्हाणीघराच्या दिशेनं. मग ती थांबली.

शिट्टीबाईही थांबल्या. आत काहीच वाजत नव्हतं. त्यांच्या तोंडात "उचला" आलं होतं, ते त्यांनी ओठ आवळून अडवलं. दोन पावलं आत टाकली असती तर दिसलं असतं. त्या कडीवर हात ठेवून, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हाक मारली नाही तर पडतील का, हाक मारली तर पडतील का, हेच डोक्यात गरगरत राहिलं.

आत पाय घासल्याचा आवाज आला. एकदा. मग दुसऱ्यांदा. मग न्हाणीघराचं दार लागलं आणि नळ सुरू झाला.

"येते हो," त्या म्हणाल्या, जितक्या साधेपणानं म्हणता येईल तितक्या.

"हं," आतून आवाज आला. "येताना लहान खिळे आण."

त्यांनी दार ओढून घेतलं. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर कठडा धरून त्या थोडा वेळ बसल्या, आणि मग उठून कामावर गेल्या.